टिळकांची प्रार्थना आणि अभंगाचा रचनाबंध

ना. वा. टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ ठरवून आपण ‘अभंगांजली’ बाजूला ठेवली. तिची दखल घेणारेही बहुधा एवढेच सांगतात की, टिळकांनी ख्रिस्ती आशय अभंगाच्या रूपात मांडला. आशय आणि रूप यांची अशी फारकत येथे टिकत नाही. नांदेड-लातूरकडे ज्याच्या घरी हरिपाठ होतो, त्या विद्यार्थ्याला ‘माउली’ हे संबोधन अलंकार वाटत नाही. ते नाते असते. टिळक ख्रिस्ताला माउली म्हणतात तेव्हा ते नातेच ख्रिस्ती प्रार्थनेत येते.

ऑगस्टीनचे ‘कन्फेशन्स’ही ईश्वरालाच उद्देशून आहे. परंतु तेथे, विशेषतः पहिल्या नऊ भागांत, बोलणारा आपला भूतकाळ उकलत स्वतःला तपासत जातो. टिळकांचा ‘दास’ स्वतःला तपासण्यापेक्षा विसरू पाहतो. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. पण तुकोबांचे विठ्ठलाशी भांडण त्या सेतूवरून फारसे पलीकडे गेले नाही. ख्रिस्ती परंपरेला तक्रार वर्ज्य होती, असेही नाही. स्तोत्रसंहितेत ईश्वराला जाब विचारणारी स्तोत्रे आहेतच.

मला याचे कारण १८९५च्या बाप्तिस्म्यात दिसते. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९००चा. मधली ताटातूट ‘स्मृतिचित्रे’त वाचताना जाणवते की, या श्रद्धेला सतत स्वतःची ग्वाही द्यावी लागत होती. अशा माणसाला देवाशी मोकळेपणी भांडता येत नाही. तुकोबांच्या घरी विठ्ठल पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. टिळकांच्या निधनाने १९१९ मध्ये अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. त्यांच्या भागात हे भांडण कुठे डोकावते का, हे आता पाहायला हवे.