‘रुद्रा’चा पहिला अल्बम: कच्चा आहे, पण कशासाठी?

‘रुद्र’ म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? मला आजोळचा लघुरुद्र आठवतो. पाटांवर बसलेले अकरा गुरुजी, पिंडीवर पडणारी दुधाची धार, आणि स्वयंपाकघरातून येणारा मसालेभाताचा वास. सिंगापूरला आल्यावर कळलं की या शहरात 1992 पासून याच नावाचा एक बँड आहे आणि तो डेथ मेटल वाजवतो. गाणारा आणि बास वाजवणारा कथिर, ड्रम्सवर शिवा. घरची भाषा तमिळ, गाणी इंग्रजी आणि संस्कृत. स्वतःच्या संगीताला ते ‘वेदिक मेटल’ म्हणतात.

त्यांचा पहिला अल्बम 1998 चा. त्याचं नावही ‘रुद्रा’च. मध्यंतरी आम्ही पाच-सहा जणांनी तो एकत्र बसून सलग ऐकला (आवाज बेताचाच, शेजारी भले लोक आहेत). नंतर जी चर्चा झाली, ती मला अल्बमइतकीच महत्त्वाची वाटली. चार मतं आली. एकेक घेऊ.

पहिलं मत सगळ्यांचंच: रेकॉर्डिंग बारीक आहे. “पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखं,” असं एक मैत्रीण म्हणाली. यावर मेटलवाल्यांचं उत्तर ठरलेलं असतं: ‘ब्लॅक सबाथ’चा 1970 चा पहिला अल्बमही जेमतेम एका दिवसात उरकला होता, समीक्षकांनी तो झोडपला होता, आणि आज सगळं मेटल तिथूनच सुरू झालं असं मानतात. खरं आहे, पण ही पळवाट झाली. कच्चं असलेलं सगळंच पुढे थोर ठरत नाही. ‘रुद्रा’ला शब्द महत्त्वाचे आहेत. घशातून खरवडून काढलेला आवाज, त्यात पातळ रेकॉर्डिंग, म्हणजे नेमके शब्दच हरवतात. हा दोष आहे आणि तो मान्य करावा.

दुसरं मत: “यात भारतीय काय आहे? मला वाटलं मस्त ढोल-बिल असेल.” असं म्हणणारा मित्र ‘ब्लडीवुड’ ऐकून मेटलकडे आलेला. त्यांचा ‘रक्षक’ 2022 चा. मुंबईच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’चा ‘दशावतार’ 2017 चा. म्हणजे भारतीय मेटल कसं वाजतं याची आपल्या कानांना जी सवय झालीय, ती ‘रुद्रा’च्या पहिल्या अल्बमनंतर बऱ्याच वर्षांनी घडलेली आहे. आपण तो उलटा ऐकतो, आधी नातू आणि मग आजोबा. 1998 मध्ये समोर नमुना नव्हता. वाद्यं मेटलचीच ठेवली आणि विषय बदलला. इतर डेथ मेटलमध्ये जिथे प्रेतं आणि सैतान असतात, तिथे इथे माया आणि आत्मा आले. मला यात धाडस दिसतं. सतार चिकटवणं सोपं होतं.

पण इथेच एक अडचण आहे. स्कँडिनेव्हियातल्या बँडांनी ख्रिस्तपूर्व नॉर्स देवांना हाक मारली, तेव्हा ते चर्चविरुद्धचं बंड होतं. आजीच्या देवघरातला देव घेऊन बंड कसं करणार? आणि कोणाविरुद्ध?

याचं उत्तर मला सिंगापूरमध्येच सापडतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथे मैफिलींमधल्या ‘स्लॅम डान्सिंग’वर बंदी आली. त्याआधीपासून, 1973 पासून, थायपुसमच्या मिरवणुकीत रस्त्यावर वाद्यं वाजवायला बंदी होती. 2016 मध्ये कुठे काही ठरावीक ठिकाणी थेट वादनाला परवानगी मिळाली. गणपतीत ताशांनी छाती दणाणलेल्या आपल्यासारख्यांना यातली घुसमट सांगावी लागत नाही. देवाचं नाव आणि मोठा आवाज या दोन गोष्टी रस्त्यावर एकत्र येऊ शकत नव्हत्या. त्या या अल्बममध्ये आल्या. बंड देवाशी नव्हतं, आवाजाच्या मापाशी होतं. असं बँडने कुठे म्हटलंय असा माझा दावा नाही. मला ते तसं ऐकू येतं, इतकंच.

तिसरं मत एका मावशींचं. त्या चहा घेऊन आल्या आणि थबकल्या. “अरे, मंत्र असे ओरडायचे असतात का?” आम्ही हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एका बाजूने पाहिलं तर वेदांतला रुद्र शांत नाहीच. नावाची परंपरेने दिलेली व्युत्पत्तीच रडण्या-ओरडण्याशी जोडलेली आहे, आणि आपल्याकडे अभिषेकाला म्हणतात त्या ‘नमका’ची सुरुवात त्याच्या क्रोधाला, बाणाला, धनुष्याला नमस्कार करून होते. बासरी लावून गुळगुळीत केलेल्या भक्तिगीतांपेक्षा हा खरखरीत आवाज त्या देवतेच्या जास्त जवळचा आहे. दुसऱ्या बाजूने मावशींचंही बरोबर आहे. वेदपठणात स्वरांचे चढउतार ठरलेले असतात, ती हजारो वर्षं जपलेली शिस्त आहे. पहिल्या अल्बममध्ये संस्कृत कधीकधी दारावरच्या तोरणासारखं येतं. शोभतं, पण घर त्यावर उभं नसतं.

चौथं मत नव्हतं, प्रश्न होता. आमच्यातली एक तमिळ सहकारी म्हणाली, “संस्कृतच का? तमिळ का नाही?”

सगळे गप्प झाले. तमिळ ही सिंगापूरच्या चार अधिकृत भाषांपैकी एक. तमिळ माणसाने संस्कृत निवडणं ही साधी गोष्ट नाही, त्यामागे मोठा राजकीय इतिहास आहे. सिंगापूरचे संशोधक युजीन दैरियानाथन यांनी 2009 मध्ये वेदिक मेटल आणि इथला दक्षिण भारतीय समाज यावर शोधनिबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच ओळखीच्या अडचणी आणि शक्यता असे दोन्ही शब्द आहेत. ज्ञानेश्वरांनी गीता संस्कृतातून लोकांच्या भाषेत आणली. ‘रुद्रा’ची वाट नेमकी उलटी, लोकांच्या भाषेकडून संस्कृताकडे. मला वाटतं, घराबाहेर वाढलेल्याला अशी भाषा हवीशी वाटते जी कोणाच्याच स्वयंपाकघरात बोलली जात नाही. तिथे उच्चारावरून हसणारे चुलतभाऊ नसतात. पण त्याची किंमतही असते, आणि माझ्या सहकारीने तिच्यावरच बोट ठेवलं.

हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. इथल्या शाळांमध्ये मातृभाषेच्या तासाला हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू घेता येते, मराठी नाही. मराठी घरातली मुलं बहुतेक वेळा हिंदी घेतात. म्हणजे ओळख सांगायला शेजारची भाषा उसनी घेणं आपणही रोज करतोच. मग ‘रुद्रा’ला जाब विचारताना जरा जपून.

तर माझं मत काय? पहिला अल्बम उत्तम नाही. 2005, 2009 आणि 2011 या वर्षांत आलेली ‘ब्रह्मविद्या’ मालिका कितीतरी भक्कम आहे. तिथे संस्कृत तोरण राहत नाही, तुळई होते. पण म्हणून 1998 चा अल्बम नुसती ‘तयारी’ ठरत नाही. पुढे प्रश्न सुटलेले दिसतात, इथे ते उघडे आहेत: कोणत्या भाषेत, किती मोठ्याने, कोणाच्या परवानगीने. आमच्या खोलीत तासभर भांडण झालं ते या अल्बममुळे. मालिका ऐकून आम्ही फक्त माना डोलावल्या असत्या.

ऐकणार असाल तर क्रमाने ऐका, आधी 1998, मग 2005. आणि शक्य असेल तर घरातल्या एखाद्या मावशींना पहिली दहा मिनिटं बसवून घ्या. आमच्या मावशी शेवटपर्यंत बसल्या होत्या.