एका सूर्यास्ताचे परीक्षण

नाटकाचं परीक्षण लिहितात, तर सूर्यास्ताचं का लिहू नये? शिवाय फुकट पाहिलेल्या प्रयोगावर परीक्षक जरा मोकळेपणानं लिहितो.

स्थळ : पश्चिम आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातली डूलॉख दरी. वेळ : जूनमधली, रात्रीचे साडेनऊ. (तिथला सूर्य उन्हाळ्यात दहापर्यंत घरी जात नाही. हे ऐकून सौ.नी माझ्याकडे पाहिलं.) सारथी : भाचा. मागच्या सीटवर सौ. आणि डबा.

लीनॅनहून निघालो. नेपथ्य झकास! डावीकडे किलरीची खाडी, पुढे डूलॉख तळं, पलीकडे 814 मीटरचा म्वीलरे डोंगर. पात्रं म्हणजे पाठीवर लाल-निळा रंग फासलेल्या मेंढ्या. त्यांनी रस्त्याच्या मधोमध प्रवेश केला आणि हॉर्न वाजवूनही एक्झिट घेतली नाही. प्रकाशयोजना किंचित भडक. वहीत टिपलं : ‘स्वर्गीय. निर्जन.’ एवढ्या भांडवलावर आपल्याकडे प्रवासवर्णनाची तीन पानं सहज निघतात.

पण किलरीच्या उतारावर तिरप्या उन्हात गवताखालून रेघा उमटलेल्या दिसल्या होत्या, गोधडीच्या टाक्यांसारख्या. भाच्याला विचारलं.

“मामा, ते बटाट्याचे जुने वाफे. दुष्काळात ओस पडले. दुपारी डोळ्यांत भरत नाहीत.”

1845 साली बटाट्यावर रोग पडला. पुढच्या सातेक वर्षांत देशातली दहा लाख माणसं मेली, त्याहून अधिक परदेशी गेली.

तळं मागे पडल्यावर रस्त्याकडेला दगडी क्रूस लागला. मार्च 1849 मध्ये लुइसबर्गच्या भुकेल्या माणसांना तपासणीसाठी डेल्फीच्या बंगल्यावर बोलावलं होतं; साहेबमंडळी तिथं उतरली होती. माणसं थंडीत रातोरात चालत गेली. रिकाम्या हातांनी परत पाठवली गेली. कित्येक वाटेतच मेली. आम्ही हौसेनं आलो, तो त्यांचा परतीचा रस्ता.

क्रुसावर गांधीजींचा प्रश्न कोरलाय : दुसऱ्याला हिणवण्यात माणसाला मोठेपणा कसा वाटतो, अशा अर्थाचा. सौ.नी तो दोनदा वाचला.

तर परीक्षकाचा अभिप्राय : नेपथ्य उत्तम. प्रकाशयोजनेला ‘भडक’ म्हटलं ते चुकलं. जे दाखवायचं ते तिनंच दाखवलं. ‘निर्जन’ हा शब्द मागे घेतो. निर्जन जागा वेगळी आणि जिथली माणसं गेली ती जागा वेगळी. हा फरक आमच्या प्रवासवर्णनांनी फारसा केला नाही; मीही केला नव्हता.

गाडीत बसल्यावर सौ.नी डबा उघडला. बटाट्याची भाजी होती. एरवी मी “पुन्हा बटाटा?” म्हणतो.

त्या दिवशी म्हणालो नाही.