वापरकर्ता कोण? युजर रिसर्च आणि प्रमाणविचार

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं मोबाइल अ‍ॅपवर काय बोलायचं, असं आज काहींना वाटेल. पण त्याला एक निमित्त घडलं, तेच आधी सांगतो.

आमचा एक जुना विद्यार्थी एका कंपनीत युजर रिसर्च करतो. म्हणजे काय, तर अ‍ॅप वापरणारा माणूस ते कसं वापरतो, कुठे अडतो, हे शोधायचं आणि कंपनीला सांगायचं. दिवाळीत तो जालन्याला आला आणि त्यानं आम्हाला एक अहवाल दाखवला. इथला शेतकरी खतांच्या पानावर बराच वेळ थांबतो, म्हणजे त्याला रस आहे. तरी खरेदी करत नाही, म्हणजे त्याला किंमत जास्त वाटते, असं त्यात होतं.

आम्ही विचारलं, "अरे, हे अनुमान झालं. पण व्याप्ती कुठाय?"

डोंगरावर धूर दिसला की आग आहे असं आपण म्हणतो, कारण धूर आगीशिवाय नसतो. हीच व्याप्ती. पानावर थांबणं मात्र आवडल्यामुळेही घडतं आणि न कळल्यामुळेही घडतं. असल्या हेतूला नैयायिक सव्यभिचार म्हणतात, त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

मग त्याला घेऊन घनसावंगी तालुक्यातल्या ओळखीच्या एका मोसंबी बागायतदाराकडे गेलो. फोन बापाच्या नावावर, पण हातात दहावीतल्या मुलीच्या. ती वाचून दाखवते, बाप ऐकतो, मधेच पुन्हा वाचायला सांगतो, आई मागची बाकी किती ते आठवून सांगते. अहवालातला "बराच वेळ" हा होता! किमतीचं विचारलं तर बाप म्हणाला, "किंमत ठीकच हाय हो सर. पण दुकानदार मोसंबी इकेपर्यंत थांबतो. ह्यो फोन थांबतो का?"

म्हणजे अडचण उधारीची होती. गंमत अशी की याच गृहस्थाला कंपनीतून फोन गेला होता आणि त्यानं "सगळं चांगलंय" एवढंच सांगितलं होतं. आपणही तेच करतो, बरं का. शब्दप्रमाणासाठी सांगणारा आप्त लागतो. वात्स्यायनानं आप्ताला दोन अटी घातल्या: त्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक हवी आणि ती आहे तशी सांगायची इच्छा हवी. त्यानं असंही म्हटलं की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे. शेतकऱ्याकडे पहिली गोष्ट होतीच. दुसरी ओसरीवर बसून चहा घेतल्यावर आली.

आता या विद्येचा प्रवास पाहा. सुरुवात प्रत्यक्षापासून होती. झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टोतल्या संशोधन केंद्रात ल्युसी सचमन या मानवशास्त्रज्ञ बाईंनी फोटोकॉपी यंत्रापाशी अडखळणारी माणसं बारकाईनं पाहिली. त्यांचं पुस्तक 1987 चं. पुढे इंटरनेट आलं आणि अनुमानाचं राज्य सुरू झालं. कोण कुठे बोट लावतो, किती वेळ थांबतो, याचे ढीग जमले. 2012 मध्ये फेसबुकनं 6,89,003 जणांच्या पानावरचा मजकूर आठवडाभर बदलून त्यांच्या भावनांवर काय परिणाम होतो ते तपासलं. त्यांना वेगळं विचारलंही नाही. 2014 मध्ये ते छापून आलं तेव्हा गदारोळ झाला.

आणि आता तिसरी पायरी. विद्यार्थी म्हणाला, "सर, आता गावोगाव फिरायची गरज नाही. मराठवाड्यातला शेतकरी आम्ही संगणकातच तयार करतो आणि त्यालाच प्रश्न विचारतो." त्यानं करून दाखवलं. उत्तरं शुद्ध मराठीत, नम्र आणि मुद्देसूद. आमच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेत कधी अशी लिहिली नाहीत!

हे यंत्र निरुपयोगी आहे असं आम्ही म्हणत नाही. प्रश्नावलीचा कच्चा खर्डा तपासायला, मुलाखती उतरवून घ्यायला ते कामाचं आहे. फिरण्याचा खर्चही खरा आहे. पण त्याचं बोलणं शब्दप्रमाण नव्हे. ते इतरांनी आधी बोललेलं जुळवून सांगतं. त्याच्या डोक्यावर उधारी नाही, त्याची बाग वाळत नाही. आणि त्या मुलीबद्दल आधी कुणी लिहिलंच नसेल, तर ते तिच्याबद्दल सांगणार कुठून?

ही गोष्ट फक्त धंद्याची नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर पेरा नोंदवायचा. एका मोबाइलवरून वीस खातेदारांची नोंद करण्याची सोय त्यात होती. फोन एक, माणसं अनेक, हे करणाऱ्यांनी ओळखलं होतं, त्याचं श्रेय द्यायला हवं. तरी पुढे गावोगाव सहायक नेमावे लागले. फोन हातात असणं आणि काम जमणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्यातून कळतं. नोंद राहिली तर नुकसानभरपाईच्या वेळी खेटे शेतकऱ्यालाच घालावे लागतात.

म्हणून आमचा आक्षेप नेमका सांगतो. "वापरकर्ता" हा शब्द एकवचनी आहे, घर एकवचनी नसतं. आकडे काय घडलं ते दाखवतात, का घडलं ते विचारावं लागतं. आणि विचारायचं त्याला, निर्णय चुकला तर ज्याचं काही बुडणार आहे.

विद्यार्थ्यानं त्या दिवशी अहवालातलं ते वाक्य खोडलं आणि तिथे "उधारी" लिहिलं. वरिष्ठांना ते पटेल का, असं आम्ही विचारलं. तो म्हणाला, "सर, तिथे उधारीसाठी रकानाच नाही."

तो रकाना कुणी करायचा, यावर आता तुमचे प्रश्न घेऊ.