‘देऊळ’ : लबाडावांचून लबाडी

दांभिकाची टर उडविणें हा मराठी वाङ्मयाचा जुना छंद आहे. एकनाथांच्या भारुडांतून सोंगाढोंगाचा समाचार घेतलेला आहे. तुकोबांनीं तर वेषाआड लपलेल्या पोटभरूंस कोठेंच सोडलें नाहीं. बोलपट आला तेव्हां ही परंपरा पडद्यावर चढली. प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’मधील सालोमालो हा तिचा उत्तम मासला होय. दुसऱ्याचे अभंग स्वतःच्या नांवावर खपविणाऱ्या ह्या इसमास पाहून हंसूं येतें, आणि हंसतांना मनास मुळींच टोंचणी लागत नाहीं. कारण सालोमालो म्हणजे दुसरा कोणी तरी, अशी प्रत्येकाची खात्री असते.

अशीच सुरक्षित मौज अलीकडे अमेरिकेंतील एका विनोदी दूरचित्रमालिकेनें पुरविली. डॅनी मॅक्ब्राइड यांची ‘द रायचस जेमस्टोन्स’ ही मालिका २०१९ ते २०२५ ह्या काळांत चार पर्वांतून दाखविली गेली. तींत धर्मोपदेशकांचें एक गबर कुटुंब आहे. बाप एलाय हजारोंच्या समुदायापुढें प्रवचनें करतो, दाराशीं खासगी विमानें आहेत, आणि आरंभींच थोरल्या चिरंजिवांच्या रंगेल वर्तनाची चित्रफीत दाखवून कोणी त्यांच्याकडून पैसे उकळूं पाहतो. पाप उघडें पडण्याची भीति आणि धंदा बुडण्याची त्याहून मोठी भीति, ह्या दोहोंमध्यें सांपडलेल्या ह्या मंडळींची तारांबळ पाहण्यासारखी आहे. त्यांच्या ठायीं असलेल्या भाबड्या श्रद्धेसही लेखकांनीं जागा ठेविली आहे. तथापि गुन्हेगार कोण, हें प्रेक्षकास तेथें पहिल्यापासून ठाऊक असतें, आणि तो निर्धास्तपणें हंसतो.

‘देऊळ’ ह्या चित्रपटानें प्रेक्षकाची ही सोय काढून घेतली, हेंच त्याचें मोठेपण. उमेश विनायक कुलकर्णी यांनीं दिग्दर्शित केलेला आणि गिरीश कुलकर्णी यांनीं लिहिलेला हा चित्रपट २०११ च्या नोव्हेंबरांत प्रदर्शित झाला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक त्यास ‘ब्यारी’ ह्या चित्रपटासह विभागून मिळालें. कथा थोडक्यांत अशी : मंगरूळ गांवचा भोळा केशा करडी नांवाच्या गाईस शोधीत माळावर जातो, झाडाखालीं झोपतो, आणि तेथें त्यास दत्तगुरूंचें दर्शन घडतें. तो ओरडत गांवांत येतो. विचारी अण्णा त्यास समजावितात कीं, दिसलें तें आपल्या मनाशीं ठेव, त्याचा बभ्रा करूं नकोस. पण बातमी पत्रकाराच्या हातीं लागते, रिकामटेकड्या तरुणांस उद्योग सांपडतो, गांवांत व्हावयाच्या इस्पितळाचा बेत मागें पडतो आणि देऊळ उभें राहतें.

आतां ह्यांत लबाड कोण ? केशास दर्शन झालें, तें त्याच्यापुरतें खरेंच आहे. भाऊ गलांडे हे पुढारी प्रथम इस्पितळाच्या बाजूचे. लोकांचा कौल पाहून ते वळतात, आणि लोकमतापुढें मान तुकविणें हा तर पुढाऱ्याचा गुण समजला जातो. दुकानदार दुकान मांडतो, बायका आरत्या म्हणतात. एकेकाचें पाऊल निराळें काढून पाहिलें तर तें क्षम्य वाटतें. सारीं पावलें मिळून मात्र इस्पितळाची वाट बुजवितात. पुण्यांत २० ऑगस्ट २०१३ रोजीं डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला आणि त्याच वर्षीं महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा आला. चमत्काराच्या नांवाखालीं लुबाडणाऱ्या बुवास धरावयास तो कायदा हवाच होता. पण मंगरूळांत धरण्याजोगा बुवाच नाहीं. जेथें कलम लागूं पडत नाहीं तेथें विनोदाचें काम सुरू होतें, हें ह्या लेखकानें नेमकें ओळखलें आहे.

शहापूर-मुरबाडकडील वाचकांस तरी हा प्रश्न परका वाटूं नये. मुरबाड तालुक्यांत म्हसा येथें पौषी पौर्णिमेस खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. तेथें देव आहे, तसा बैलांचा बाजार आहे आणि तमाशाही आहे. देवाचें व बाजाराचें नातें तेथें उघड आहे, आणि शेतकऱ्याची गरज त्यांत भागते. ‘देऊळ’चा रोख अशा जत्रेवर खासच नाहीं. एका गरजेचा घांस काढून दुसरी हौस जेथें पुरविली जाते, तेथें तो बोट ठेवतो. शहापूर तालुक्यांतील तानसा व भातसा ह्या धरणांचें पाणी मुंबईस जातें, आणि उन्हाळ्यांत त्याच तालुक्यांतील कित्येक पाडे टँकरची वाट पाहत बसतात. ह्याच मुलुखांतून जाणाऱ्या नाशिकच्या रस्त्यानें रामनवमीच्या सुमारास मुंबईच्या पालख्या शिर्डीस पायीं जातात. त्या थकल्याभागल्या लोकांस कोणी पाणी पाजलें तर तें पुण्यकर्मच होय. परंतु पाड्यावरील रिकाम्या हंड्यांचा विचार पालखीस खांदा देणाऱ्या आपल्या घरच्या मुलांस सुचतो काय, हें ज्याचें त्यानें पाहावें.

चित्रपटांत उणीव नाहीं असें नाहीं. देवस्थान भरभराटीस आल्यावरचा भाग लांबला आहे. भाऊंच्या भूमिकेंत नाना पाटेकर इतके लोभस दिसतात कीं, त्यांच्यावरील रोष प्रेक्षकास फार वेळ टिकवितां येत नाहीं. परंतु खरी त्रुटी अण्णांच्या पात्रांत आहे. दिलीप प्रभावळकरांनीं तें अत्यंत संयमानें वठविलें आहे. मात्र लेखकानें त्यांस शेवटीं गांव सोडून जाऊं दिलें. सुशिक्षित प्रेक्षक त्यांचें बोट धरून बाहेर पडतो आणि आपले हात स्वच्छ राहिल्याच्या समाधानांत घरीं जातो. सालोमालोस हंसणाराची जी सोय पुढच्या दारानें घालविली, ती अशी मागच्या दारानें परत येते.

तरीही शेवटचा प्रसंग ही त्रुटी बरीचशी भरून काढतो. केशा देवळांतील मूर्ति उचलून नदीस अर्पण करतो, आणि गांव दुसरी मूर्ति आणून बसवितो. ज्याच्या दर्शनापासून सारा व्याप सुरू झाला, त्या केशाचीच आतां कोणास गरज उरलेली नाहीं. येथें हंसूं येतां येतां थांबतें. हा चित्रपट घरच्या मंडळींसह पाहावा, आणि मंगरूळांत आपण कोण असतों, हें एकमेकांस विचारावें. अण्णांखेरीज दुसरें नांव निघेपर्यंत विचारावें.