रेचल हेनिंगचीं पत्रें : छापील पाठ व अस्सल

रेचल हेनिंग ही इंग्लंडांतील बाई इ. स. १८५४ त भावंडांच्या मागोमाग ऑस्ट्रेलियांत गेली. तेथें मन न रमल्यानें १८५६ त परतली व १८६१ त पुन्हां जाऊन तेथलीच झाली. मुख्यतः स्वदेशीं राहिलेली बहीण एट्टा हीस तिनें लिहिलेलीं पत्रें डेव्हिड अॅडम्स यांनीं १९५१-५२ त सिडनीच्या 'बुलेटिन' साप्ताहिकांत प्रसिद्ध केलीं. पुढें त्यांचें पुस्तक झालें.

क्वीन्सलंडांत एक्स्मूर येथें भाऊ बिडल्फ मेंढ्या पाळीत असे. तेथील घरकाम, टपालाची वाट पाहणें, दूरवरून येणारा शिधा, लोकर कातरण्याची धांदल, असा सरकारी दप्तरांत न सांपडणारा वृत्तांत या पत्रांत आहे. पुस्तकाचें हें मोल आम्हांस मान्य आहे.

परंतु अॅन अॅलिंगहॅम यांनीं मूळ पत्रें ताडून १९९४ त दाखविलें कीं, संपादकानें पुष्कळ मजकूर गाळला व कित्येक ठिकाणीं फिरविला. वाचकांसाठीं संक्षेप करण्यास आमची हरकत नाहीं. मात्र शब्द बदलला कीं संपादकाचें बोलणें लेखिकेच्या नांवावर जमा होतें. या कुटुंबाचें नोकरांशीं किंवा त्या भूमीच्या मूळ रहिवाशांशीं वर्तन कसें होतें, हें ठरवितांना तर एकेक शब्द निर्णायक असतो.

सुदैवानें अस्सल पत्रें सिडनीच्या मिचेल ग्रंथालयांत आहेत, म्हणूनच हा फेरफार उघडकीस आला. पुस्तक छापून झालें म्हणजे कागदांचें काम संपलें, असें मानणाऱ्या संग्राहकांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.