दोन नकार आणि एक वाटणी

रोबेर्तो गावाल्दोन यांच्या 'माकारिओ' (१९६०) या मेक्सिकन चित्रपटाचा नायक एक लाकूडतोड्या आहे. काळ स्पॅनिश अंमलाचा, दिवस मृतांच्या सणाचे. घरात खाणारी तोंडं बरीच आणि अन्न थोडं. बापाच्या ताटातलंही पोरांकडे जातं. एक दिवस माकारिओ हट्ट धरतो: अख्खी टर्की एकट्याला, कुणालाही वाटा न देता खायला मिळेपर्यंत आपण जेवणार नाही. शेवटी बायको कुठून तरी टर्की चोरून आणते, गुपचूप भाजून त्याच्या हातात ठेवते आणि तो रानात निघून जातो.

इथून पुढचा प्रसंग इग्नासिओ लोपेस तार्सो या नटासाठी पुन्हा पुन्हा पाहावा. आधी सैतान येतो, मग देव. दोघंही वाटा मागतात आणि माकारिओ दोघांनाही नाही म्हणतो. पण हे दोन नकार सारखे नाहीत. सैतानाला नाही म्हणताना त्याच्यात व्यवहारी माणसाचा सावधपणा आहे. देवापुढे तो संकोचतो, नजर खाली जाते, आवाज मऊ होतो. मात्र टर्कीवरची पकड सुटत नाही. ज्याच्या हाती सगळं आहे त्याला माझी टर्की कशाला, हा त्याचा सवाल उद्धट वाटत नाही. गरिबीची कीव यावी असं काहीही तार्सो करत नाहीत. भुकेला ते हक्काची ताठ मान देतात.

तिसरा पाहुणा मृत्यू. एन्रिके लुसेरो यांनी तो हडकुळ्या, उपाशी खेडुतासारखा उभा केला आहे, माकारिओच्याच पंगतीला शोभेल असा. माकारिओ लगेच अर्धी टर्की पुढे करतो. ही दया नव्हे. मृत्यू जेवत बसेल तेवढा वेळ आपल्यालाही खाता येईल, हा त्याचा हिशेब. दोघं समोरासमोर चवीनं खातात, तेव्हा विनोद आणि धास्ती एकाच घासात येतात.

तरुणपणी तार्सो सेमिनरीत शिकले, मग कॅलिफोर्नियात शेतमजुरीला गेले. तिथं संत्र्याच्या झाडावरून पडून पाठीच्या कण्याला इजा झाली. पुढे मेक्सिको सिटीत कवी-नाटककार झाविएर विल्याउरुतिया यांच्याकडे ते नाट्यशिक्षण घेऊ लागले. श्रमानं वाकलेली पाठ आणि रंगभूमीवर कमावलेला आवाज, दोन्ही या भूमिकेत कामी आले असावेत. बायकोच्या भूमिकेतल्या पिना पेयिसेर १९६४ मध्ये, तिशीतच गेल्या. लुसेरो १९८९ मध्ये. तार्सो मात्र नव्वदी ओलांडूनही रंगमंचावर उभे राहत होते. २०२३ मध्ये, ९८व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

टर्कीच्या वाट्याच्या मोबदल्यात मृत्यूनं दिलेल्या, आजार बरे करणाऱ्या पाण्यानं माकारिओ पुढे वैद्य म्हणून गाजतो, धर्मपीठाच्या तावडीत सापडतो, आणि गाब्रिएल फिगेरोआ यांच्या कॅमेऱ्यानं टिपलेल्या, असंख्य मेणबत्त्यांनी उजळलेल्या गुहेत पोचतो. शेवटी बायकोला रानात त्याचं प्रेत सापडतं. शेजारी टर्की, अर्धी खाल्लेली, अर्धी जशीच्या तशी. मग मधलं वैभव खरं की मरत्या माणसाचं स्वप्न? पटकथा निर्णय देत नाही, आणि तार्सोही देत नाहीत. कीर्तीच्या दिवसांतही त्यांच्या डोळ्यांत विजय नाही, रानातलाच सावधपणा आहे. त्यांनी जरा जरी मिरवलं असतं, तरी दोन अर्थांपैकी एक कोसळला असता.