‘सली’ : पाण्यावर उतरलेलें विमान व पटकथेंतील खलपुरुष

क्लिंट ईस्टवुड यांचा २०१६ सालचा ‘सली’ हा चित्रपट पाहून मनांत प्रशंसा व तक्रार या दोन्ही भावना उभ्या राहतात. प्रशंसा पुष्कळांनीं केली आहे. तक्रारीचाच विचार येथें करावयाचा आहे.

कथावस्तु वाचकांस ठाऊक असेल. १५ जानेवारी २००९ रोजीं न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून निघालेल्या एअरबसच्या दोन्ही एंजिनांत रानहंस शिरले, एंजिनांची शक्ति गेली, आणि कॅप्टन सलनबर्गर यांनीं विमान हडसन नदीच्या पात्रावर उतरविलें. १५५ जणांपैकीं एकहि दगावला नाहीं. टॉम हँक्स यांनीं हा मितभाषी वैमानिक विलक्षण संयमानें उभा केला आहे.

पण एवढ्यानें पटकथाकाराचें समाधान झालें नाहीं. नाट्य हवें म्हणून त्यानें चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळासच खलपुरुष केलें. वस्तुस्थिति निराळी आहे. तात्काळ वळल्यास कांहीं प्रयत्नांत धावपट्टी गाठतां येते, ३५ सेकंद विचारास दिले तर नाहीं, ही परीक्षा मंडळानेंच घेतली, अहवालांत नोंदविली आणि वैमानिकाचा निर्णय योग्य ठरविला. पडद्यावर मात्र हे ३५ सेकंद नायकास भांडून मिळवावे लागतात! अधिकाऱ्यांचीं खरीं नांवें पटकथेंत होतीं, तीं खुद्द सलनबर्गर यांच्या सांगण्यावरून बदलण्यांत आलीं, यावरून काय तें समजावें.

कोणी म्हणेल, ललितकृतीस एवढी मोकळीक असावी. असावी, पण येथें ती कोणाच्या पदरचें घेते, हें पाहिलें पाहिजे. आमच्या कुही तालुक्यांत आंभोऱ्यापाशीं गोसीखुर्द धरणाचें पाणी दूरवर पसरलें आहे. वाऱ्याविना तें सारवलेल्या अंगणासारखें दिसतें. पण अशाच स्तब्ध पाण्यावर वैमानिकाचा उंचीचा अंदाज चुकतो. एकाच एंजिनाचें लहान विमान असेल, तर त्याचीं स्थिर चाकें पाण्यांत अडकून तें पालथें होण्याचा संभव असतो. म्हणून पाण्यास टेकण्यापूर्वींच दार उघडून ठेवावें, तरंगण्याचें जाकीट बाहेर पडल्यावरच फुगवावें, नाहींतर आंत शिरलेलें पाणी माणसास छताशीं दाबून धरतें. असलें शहाणपण चौकशांच्या रुक्ष कागदांतून जमत आलें आहे. २८ जून २०२२ रोजीं मुंबई हायजवळ एका हेलिकॉप्टरला समुद्रावर उतरावें लागलें. नऊ जणांपैकीं चार प्राणांस मुकले. अशा वेळीं चौकशी करणारा मृतांच्या घरच्यांचा शत्रु नसतो.

शिवाय, खलपुरुषाची येथें गरजच काय होती? १९ जुलै १९०९ रोजीं ह्यूबर्ट लॅथम इंग्लिश खाडी ओलांडावयास निघाला. एंजिन बंद पडून तो पाण्यावर उतरला आणि सोडवावयास आलेल्यांस तरंगत्या विमानावर सिगारेट ओढीत बसलेला आढळला. एवढ्या एका चित्रांत सारें नाट्य आहे. ‘सली’मध्येंहि तें जेथें आहे तेथें प्रेक्षक भारावतो : चार मिनिटांच्या आंत पहिली प्रवासी नौका विमानाजवळ पोंचते, पंखांवर कुडकुडत उभीं असलेलीं माणसें वर ओढलीं जातात. त्या नौकेच्या खऱ्या कप्तानानेंच पडद्यावर स्वतःची भूमिका केली आहे.